चिंचोका उताणा की पालथा?

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे
आणि
बालभारतीच्या गणित विषय समितीचे सर्व सदस्य

विषय : दहावीच्या गणिताचे शेवटचे दोन धडे



मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. राज्याचा शालेय शिक्षणाचा नवा आराखडा २०२४ मध्ये आला, पहिलीपासून टप्प्याटप्प्याने पुस्तकं बदलू लागली. एक दिवस हे बदल नववी-दहावीपर्यंत पोचतील. त्याआधी आमच्या वर्गात काय चालतं ते तुमच्या कानावर घालावं, म्हणून हे पत्र.

२०१८ च्या दहावीच्या ‘गणित भाग १’ मध्ये सहा प्रकरणं आहेत. पाचवं संभाव्यता, सहावं सांख्यिकी. पुस्तकात शेवटची म्हणजे शाळेतही शेवटची. गॅदरिंगची तालीम चालू, सराव परीक्षा तोंडावर, आणि फळ्यावर ‘यादृच्छिक प्रयोग’. पण इतक्या घाईत उरकूनही या दोन धड्यांबद्दल पोरांची तक्रार नसते. वर्गसमीकरणाला जी पोरं मान खाली घालतात, तीच इथे ऐटीत बसतात. “सर, ते तर हातचे मार्क आहेत!” हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. पालकसभेत मीही तेच म्हणत आलो : बाकी काही नाही जमलं तर सांख्यिकी तरी पक्की करून घ्या.

माझी काळजी या ‘हातच्या मार्कां’पासूनच सुरू होते. घाबरलेल्या पोराला धीर देता येतो. ज्याला विषय खिशात आहे असं वाटतं, त्याला काय शिकवणार? नाणं म्हटलं की एक छेद दोन, फासा म्हटला की खाली सहा, पत्ते म्हटले की खाली बावन्न. सांख्यिकीत सारणी आखायची, गृहीतमध्य धरायचा, विचलनं काढायची, सूत्रात घालायची. मध्य आला अठरा दशांश दोन. कशाचा अठरा? कोणी विचारत नाही. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की गंगेत घोडं न्हालं.

एका वर्षी जानेवारीत मी चाचणीत पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न घातला : उद्या आपल्या गावात पाऊस पडण्याची संभाव्यता किती? बऱ्याच जणांनी लिहिलं, पडेल किंवा पडणार नाही, म्हणून एक छेद दोन. जानेवारीत, खान्देशात! ज्यांच्या बापाने त्याच आठवड्यात हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्रीच्या लायटीची वाट पाहिली होती, त्यांची ही उत्तरं. घरी ती असं कधीच बोलली नसती. एका मुलीने मात्र लिहिलं, ‘मागच्या काही वर्षांची जानेवारीची नोंद मिळाली तर सांगता येईल.’ तिला पूर्ण गुण दिले आणि दिवसभर ओशाळल्यासारखं वाटत राहिलं, कारण हे तिला मी शिकवलं नव्हतं.

आता पत्त्यांचं सांगतो. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि गावातली पुरुषमंडळी पारावर, ओट्यावर पत्ते कुटत बसतात. आखाजीचा जुगार ही इथली जुनी चाल. त्यामुळे वर्गात बावन्न पत्त्यांची कॅट निघाली की मागच्या बाकांवरची मुलं एकदम हुशार होतात. चौकटचे किती, चित्रांचे किती, राजे किती, सारं तोंडपाठ. पुढच्या बाकांवरच्या मुलींनी मात्र पत्ते हातात घेतलेले नसतात. काहींच्या घरी माळ आहे, तिथे पत्त्याला शिवायचंच नाही. या मुली इस्पिक, किलवर, बदाम, चौकट हे तेराच्या पाढ्यासारखं पाठ करतात. एकीने विचारलं होतं, “सर, गुलाम हा राजापेक्षा मोठा का लहान?” गणिताशी त्या प्रश्नाचा काही संबंध नव्हता, पण तिला वाटत होतं की असणार. मागची मुलं हसली. तिने पुन्हा म्हणून पत्त्यांच्या गणितात तोंड उघडलं नाही. परीक्षेत पूर्ण गुण मिळवले, ते वेगळं.

त्याच वर्षी मी चिंचोके आणले.

चिंचोका दगडावर एका बाजूने घासला की ती बाजू पांढरी होते, दुसरी तपकिरी राहते. पटावर कवड्या नसल्या की आमच्याकडे हेच चिंचोके टाकतात, आणि हा खेळ मुलींचाही. प्रत्येक बाकावर एकेक चिंचोका दिला आणि विचारलं, पांढरी बाजू वर पडण्याची संभाव्यता किती? सगळा वर्ग एका सुरात : “एक छेद दोन!” म्हटलं, कशावरून? “दोनच बाजू आहेत ना, सर.” म्हटलं, टाका. शंभर वेळा टाका आणि रेघा मारा, चार उभ्या, पाचवी आडवी.

दहा टाकण्यांपर्यंत प्रत्येक बाकाचं वेगळंच. कोणाकडे पांढरा लागोपाठ, कोणाकडे येईचना. पन्नाशीच्या पुढे बाकाबाकावर कुजबुज सुरू झाली. शंभर झाल्यावर सगळ्या बाकांच्या रेघा फळ्यावर एकत्र मांडल्या. वर्ग गप्प. मग ज्या मुलीने गुलामाचं विचारलं होतं तीच उठली : “सर, एका बाजूने तो फुगीर आहे. नाण्यासारखा कुठे आहे तो?”

‘समसंभाव्य’ या शब्दाचा अर्थ माझ्या वर्गाला त्या दिवशी कळला. पुस्तकात त्याची व्याख्या आहे आणि ती बरोबरच आहे. पण जिथे समसंभाव्य नाही अशी वस्तू हातात आल्याखेरीज समसंभाव्य म्हणजे काय हे कळत नाही. पुस्तकातली नाणी, फासे, पत्ते सगळे सज्जन. जगातले चिंचोके तसे नसतात.

फळ्यावर आकडा काय आला होता ते मुद्दामच लिहीत नाही. त्याचं शेवटी बोलू.

हे सगळं एका धड्यासाठी कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण आमची पोरं ज्या मुलखात वाढतात तिथे नशीब हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. रावेर-यावलची केळी एका वादळात आडवी होते. कापसाचा भाव वेचणीआधी एक आणि वेचणीनंतर दुसरा. “नशीबना खेय शे”, नशिबाचा खेळ आहे, असं म्हणून माणसं पाठ टेकतात. त्याच गावात मटक्याचा आकडा लावणारेही आहेत, आणि त्यांच्याकडे मात्र हिशोब असतो! वहीत जुने आकडे लिहिलेले, कुठला कधी आला, कुठला किती दिवसांत आलेला नाही. “सात्ता पंधरा दिवस आला नाही, आता यायलाच पाहिजे.” जिथे निव्वळ योगायोग आहे तिथे आम्ही हिशोब मांडतो, आणि जिथे हिशोब आहे तिथे नशीब म्हणून गप्प बसतो. संभाव्यता आणि सांख्यिकी शाळेत शिकवायची ती ही गल्लत सोडवण्यासाठी. माझं सारं म्हणणं एवढंच आहे.

मटक्याची गंमत बघा. हा धंदा मुंबईत सुरू झाला तो कापसावरून. न्यूयॉर्कच्या बाजारातून कापसाचे उघडते आणि बंद भाव तारेने यायचे, लोक त्या आकड्यांवर पैज लावायचे. पुढे ते बंद पडलं, मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि नाव पडलं मटका. म्हणजे ज्या पिकावर आमची घरं चालतात, त्याच्याच भावातून हा खेळ जन्मला. वर्गात मी त्याचं गणित फळ्यावर मांडतो. शून्य ते नऊ, दहा आकडे. एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ, हा जुना भाव. आता प्रत्येक आकड्यावर एकेक रुपया लावा. दहा रुपये गेले, आकडा कुठलाही येवो, नऊ परत आले. “म्हणजे सर, दर दहाला एक रुपया त्याचा?” त्याचा. रोज. आणि मडक्याला काल काय निघालं ते आठवत नाही, त्यामुळे सात्ता यायलाच पाहिजे असं काही नाही. अपेक्षित मूल्य, स्वतंत्र घटना हे शब्द दहावीत नाहीत, पण दोन्ही कल्पना एका तासात कळतात. मागच्या बाकावरचा एक जण त्या दिवशी वहीत उतरवून घेत होता आणि मधेच थांबला. कोणाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला असेल, मी विचारलं नाही.

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. चांगलं झालं. पण ‘चार वेळा हरलो, पाचव्यांदा जिंकणारच’ ही समजूत काही मोबाइलमध्ये नसते. ती काढायचं काम शाळेचं.

हीच समजूत आमच्याकडे आणखी एका ठिकाणी भेटते. “तीन मुली झाल्या, आता मुलगाच.” पोरांना विचारलं की निम्मा वर्ग मान डोलावतो. चौथ्या बाळाला आधीच्या तिघींची खबर नसते हे मडक्यावरून पटतं. पण इथे थांबून चालत नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८४२. त्याच्या दहा वर्षं आधी ८८० होत्या. निसर्गात मुलगे थोडे जास्त जन्मतात, हजारामागे मुली साधारण साडेनऊशे.

हे तीन आकडे मी फळ्यावर लिहिले आणि विचारलं : योगायोग की आणखी काही? आधी उत्तर आलं, “नशीब.” मग नाणी काढली. दहा वेळा टाकलं तर सहा-चार, सात-तीन सहज होतं. पण सगळ्या वर्गाची टाकणी मिळून हजारावर गेली की छापा-काट्याचं प्रमाण जवळजवळ सारखं येतं, त्यात मोठी तफावत राहत नाही. जिल्ह्यात तर लाखो मुलं. तिथे एवढा फरक आपोआप पडत नाही. आणि एक मुलगी हळूच म्हणाली, “मग सर, त्या बाकीच्या?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे, त्याचा बोर्ड प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर असतो. पण भिंतीवरचा बोर्ड वाचणं वेगळं आणि साडेनऊशेतून आठशे बेचाळीस वजा करून आलेला आकडा स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिणं वेगळं. त्या तासाला कोणी हातचे मार्क म्हटलं नाही.

आता पोरांच्या बापाकडे येऊ. पीक विमा. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातल्या विम्याची योजना गेली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली. महसूल मंडळातली काही शेतं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढ्याच तुकड्याचं पीक कापून वजन करायचं. त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पन्न, आणि ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तरच भरपाई. गावात चर्चा काय? “माझं वावर वाहून गेलं आणि साहेब म्हणतात मंडळ चांगलं आहे!” त्याचा राग खोटा नाही. पण तो राग नेमका कोणत्या शब्दावर आहे? सरासरी या शब्दावर. सरासरी कोणाच्याच वावरात नसते. दहा शेतकऱ्यांत नऊ जणांकडे दोन-दोन एकर आणि एकाकडे चाळीस एकर असेल, तर सरासरी निघते पाच एकर बत्तीस गुंठे, आणि त्या गावात तेवढं वावर एकाकडेही नाही. मध्यक मात्र दोन एकर. दहावीत मध्य आणि मध्यक दोन्ही आहेत. कुठे कोणता खरं बोलतो, हे पोराला सांगता आलं पाहिजे. तो बापाबरोबर तालुक्याला जाईल तेव्हा ‘आमच्या मंडळात प्रयोग कुठल्या गटात झाले, शेतं कशी निवडली’ एवढे दोन प्रश्न विचारू शकेल. नशिबाला हे प्रश्न विचारता येत नाहीत, पद्धतीला येतात.

आणि ही पद्धत काही परक्याची नाही. साताऱ्याच्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि १९४० च्या दशकात त्यांनी पीक कापणीचं नमुना सर्वेक्षण देशभर रुजवलं. त्याआधी पीक किती आलं हे डोळ्यांनी अंदाज घेऊन ठरायचं, सरकारी पीक पैसेवारीत आजही नजरअंदाजाला जागा आहे. नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो, साहेबाचा मूड बदलला की बदलतो. शेत चिठ्ठीने निवडलं की कोणाचा वशिला चालत नाही, आणि चूक किती असेल याचाही अंदाज बांधता येतो. इंदूरला कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांचं शेती-संख्याशास्त्रावरचं १९५४ चं पुस्तक देशभरातल्या कृषी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. ‘यादृच्छिक’ हा शब्द पोरांना जीभ वळत नाही म्हणून नकोसा होतो. कोणी तो ‘याद’ वरून आला असं समजतं. पण यादृच्छिक निवड म्हणजे गरिबाच्या आणि पाटलाच्या वावराला सारखीच संधी, असं सांगितलं की लगेच उमगतं. सुखात्म्यांचं नाव दहावी पास झालेल्या पोराला माहीत असू नये, याला मी तरी नशीब म्हणणार नाही.

म्हणून चार मागण्या. कुठल्याही मागणीला पैसा लागत नाही.

पहिली, या दोन धड्यांची जागा बदला. सांख्यिकी जूनमध्ये सुरू होऊ द्या आणि वर्षभर चालू द्या. आमचा हजेरीपट हीच उत्तम माहिती आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी आली की बाक रिकामे होतात, मुलींचे जास्त. पोरांनी स्वतःच्या वर्गाचा आलेख महिन्यागणिक काढला तर आलेख काढणं त्यांना पाठ करावं लागणार नाही. वर्षभर मंडळातल्या हवामान केंद्राचा पाऊस रोज लिहून ठेवला तर जानेवारीतला तो प्रश्न पुन्हा विचारायची सोय होईल.

दुसरी, पत्ते आणि फासे असू द्या, पण त्यांच्याबरोबर चिंचोका, कवडी, बाटलीचं झाकण येऊ द्या. आधी टाका, मोजा, मग सूत्र. न्यूझीलंडने २००७ च्या अभ्यासक्रमात विषयाचं नावच ‘गणित आणि सांख्यिकी’ असं केलं आणि तिथली पोरं स्वतःची उंची, दप्तराचं वजन असली माहिती मोजून नोंदवतात, तीच त्यांची उदाहरणं होतात. दप्तराचं वजन तर आमच्याकडेही भरपूर आहे.

तिसरी, अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांतले पाच तरी एका मोजणीला द्या. विषय विद्यार्थ्याने निवडावा, माहिती त्याने गोळा करावी, आणि शेवटी चार ओळी लिहाव्यात : या आकड्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. दुसरा भाग चुकला तरी चालेल, रिकामा नको. मला कळतं, आमच्यातलेच काही जण एकच प्रकल्प तीस वह्यांत उतरवून घेतील. पण तीसही वह्यांत चिंचोका पांढरा पडल्याची संख्या एकच असेल, तर ती नक्कल उघडी पडेल. नक्कल पकडायलाही हाच विषय कामाला येतो.

चौथी मागणी माझ्याच जातीच्या लोकांसाठी, म्हणजे शिक्षकांसाठी. आमच्यातल्या बहुतेकांनी संभाव्यता सूत्र म्हणूनच शिकली. मीही. एका हुशार पोराने एकदा विचारलं होतं की नाणं हजारदा टाकल्यावर बरोबर पाचशे छापे येतीलच का, आणि मी म्हणालो होतो, “डोकं नको लावू, सूत्र लाव.” तो पोरगा आज भुसावळला रेल्वेत आहे, भेटला की हसतो, आणि मला दर वेळी ते वाक्य आठवतं. जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, वर्षातून दोन दिवस आम्हाला या विषयासाठी बसवा. बहिणाबाईंच्या नावाच्या आमच्या विद्यापीठात सांख्यिकी विभाग आहे, त्यांना बोलवा. आमच्याकडून फळ्यावर सूत्र लिहून घेऊ नका, चिंचोके टाकून घ्या.

हे सगळं केल्यावर एक तोटा होईल, तोही आधीच सांगून ठेवतो. हे धडे हातचे राहणार नाहीत. ‘काय म्हणता येत नाही’ या प्रश्नाला गाइडमध्ये उत्तर नसतं. निकाल थोडा खाली येईल, पालक माझ्याकडे येतील, मुख्याध्यापक तुमच्याकडे बोट दाखवतील. मी पालकांना तोंड देईन. तुम्ही तेवढं बोट सहन करा.

या पत्रासोबत एक पुडी पाठवत आहे. तिच्यात दहा चिंचोके आहेत, सगळे आमच्या शाळेमागच्या चिंचेचे, नववीच्या मुलींनी घासलेले. समितीच्या पुढच्या बैठकीत चहा येईपर्यंत प्रत्येकाने एकेक घ्यावा आणि शंभर वेळा टाकावा. टाकण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहून ठेवावा, ही एकच अट. नंतर रेघा एकत्र करा आणि आकडा आमच्या शाळेला कळवा. आमचा आकडा वर्गाच्या मागच्या भिंतीवर लिहिलेला आहे. त्याच्या शेजारी तुमच्यासाठी जागा सोडली आहे.

आपला,
जळगाव जिल्ह्यातला एक गणित शिक्षक